झालंच समजा

साइटवर त्यांना सगळे समजामामा म्हणायचे. खरं नाव हजेरी घेणाऱ्याला ठाऊक होतं आणि बायकोला. पण हजेरीवाला 'मामा आले' एवढंच म्हणायचा आणि बायको 'अहो'वर भागवायची, त्यामुळे ते नाव बिचारं वापरावाचून पडून होतं. समजामामा हे नाव पडलं ते त्यांच्या तोंडातल्या दोन शब्दांमुळे. कुणी काहीही विचारो, मामांचं उत्तर ठरलेलं. 'मामा, खड्डा बुजवला का?' 'बुजवलाच समजा.' 'मामा, सळया आल्या का?' 'आल्याच समजा.' सळया अजून कारखान्यातून निघालेल्याही नसायच्या. पण मामा असं छातीठोक सांगायचे की विचारणारा खूश होऊन पाठ फिरवायचा. पुढचं पुढे.

तर हे मामा उड्डाणपुलाच्या साइटवरचे फोरमन. आता तो पूल काय चीज होती ते आधी सांगायला हवं, नाहीतर मामांचं दुखणं तुम्हाला कळायचं नाही. शहराच्या मधोमध रेल्वेचे रूळ. अलीकडे बाजार, दवाखाना, कचेऱ्या. पलीकडे राहती वस्ती. आणि मधे फाटक. फाटक पडलं की दोन्हीकडे गाड्यांची रांग लागायची, हॉर्न वाजायचे आणि माणसं एकमेकांच्या घराण्याचा उद्धार करायची. त्या फाटकावरून पूल न्यायचं ठरलं तेव्हा मामांच्या मिशा काळ्याभोर होत्या. पहिली कंपनी आली, तिने खांब उभे केले आणि बुडाली. दुसरी आली, तिने दोन्ही बाजूंनी रस्ता चढवत रुळांपाशी आणला आणि सरकारशी भांडून चालती झाली. राहिला फक्त मधला, नेमका रुळांवरचा तुकडा. इकडून आलेला रस्ता हवेत थांबलेला, तिकडून आलेला रस्ता हवेत थांबलेला, दोघांच्या टोकांना गंजलेल्या सळया. कबुतरांची मात्र चंगळ झाली.

कंपन्या बदलल्या, मामा तिथेच. त्यांना दुसरीकडून बोलावणी आली नाहीत असं नाही. धरणावर बोलावलं, विमानतळावर बोलावलं, एका जुन्या साहेबाने तर घरी येऊन बोलावलं. मामा म्हणाले, "एवढा पूल संपवतो आणि येतो. झालाच समजा." साहेब बिचारा वाट बघून निवृत्त झाला.

आणि या सगळ्यात मामांची खरी सालटी काढणारी व्यक्ती पुलाच्या पलीकडच्या टोकाला राहत होती. मामांच्या सासूबाई! त्यांच्या घराची खिडकी उघडली की समोर तो अर्धवट रस्ता आणि त्या सळया. सकाळी उठून तोंड धुवायच्या आधी त्यांना जावयाचं कर्तृत्व दिसायचं. म्हातारीची जीभ अशी तल्लख की शेजारीपाजारी संध्याकाळी मुद्दाम ऐकायला यायचे. मामा बायकोला घेऊन भेटायला गेले की दारातच पहिला प्रश्न, "काय जावईबापू, झाला का पूल?"

"झालाच समजा, आई."

"समजते हो, समजते. मी गेली कित्येक वर्षं समजतेच आहे. आता या समजण्यावरून एकदा गाडी जाऊ दे म्हणजे झालं."

सगळे हसायचे. मामाही हसायचे, पण घरी परतताना फाटकावर थांबले की ते हसू मावळायचं. मान वर करून ते त्या दोन टोकांकडे बघत राहायचे. बायकोला ते कळायचं. ती म्हणायची, "आईचं मनावर घेऊ नका हो." मामा म्हणायचे, "घेतलंय कुठे?" आणि मनावर घेतलेलं कपाळावर स्पष्ट दिसायचं.

मग तिसरी कंपनी आली. पण या वेळी सरकारने दम भरला होता. ही शेवटची संधी. यांच्याकडूनही रुळांवरचा तुकडा झाला नाही तर पूल रद्द, दोन्ही बाजूंचं बांधकाम पाडायचं आणि जागा मोकळी करायची. पाडायचं! मामांनी हे ऐकलं त्या दिवशी डबा तसाच परत आणला. ज्या खांबांच्या पायात त्यांची उमेद गेली, जवानी गेली, ते खांब उद्या कुणीतरी मशीन लावून फोडणार, आणि सासूबाई ते खिडकीतून बघणार.

तिसऱ्या कंपनीने साइटवर मुख्य इंजिनिअर म्हणून एक बाई पाठवल्या. वयाने मामांच्या लेकीसारख्या, आवाज मात्र हेडमास्तरणीचा. पहिला आठवडा मॅडमनी कुणाला एक शब्द विचारला नाही. डोक्यावर हेल्मेट, हातात पाण्याची बाटली, नुसत्या उभ्या राहून बघायच्या. सगळ्यांची पाचावर धारण बसली. आता आळशी लोकांची नावं वर जाणार! जो तो फावडं घेऊन इकडून तिकडे फिरायला लागला. काम किती झालं देव जाणे, पण त्या आठवड्यात फावड्यांचा व्यायाम उत्तम झाला.

आठवडा संपल्यावर मॅडमनी सगळ्यांना गोळा केलं.

"मी एका सुताराकडे सकाळभर बघत होते," त्या म्हणाल्या. "त्याने थोडं काम केलं आणि उरलेला सगळा वेळ वाट बघितली. आधी बोल्टची, मग क्रेनची, मग कुणीतरी येऊन 'हो, चालू कर' म्हणण्याची. तो आळशी नाही. तो ताटकळलाय. बाहेर फाटकावर लोक ताटकळतात तसेच तुम्ही सगळे इथे ताटकळताय. बाहेरचं फाटक निदान दिसतं तरी. इथलं कुठे पडलंय ते मला कळतच नाही, कारण विचारायला जावं तर एकच ऐकू येतं." आणि त्यांनी कमरेवर हात ठेवून, मान किंचित तिरकी करून, मामांची अशी हुबेहूब नक्कल केली, "झालंच समजा!"

साइट हसून हसून लोळायची बाकी राहिली. मामांचा चेहरा उतरला.

मॅडमनी नियम केला. रोज सकाळी काम सुरू व्हायच्या आधी सगळ्या टोळ्यांच्या म्होरक्यांनी उभ्या उभ्या जमायचं आणि प्रत्येकाने दोनांपैकी एक शब्द बोलायचा. 'झालं', नाहीतर 'अडलंय'. अडलं असेल तर कशापायी. 'होतंय', 'होऊन जाईल', 'करतोच आहे', 'बघतो', आणि मामांचं ते खास, हे सगळं गेटबाहेर ठेवून यायचं.

"अडलंय म्हणणाऱ्याला मी काही बोलणार नाही," मॅडम म्हणाल्या. "न सांगणाऱ्याला सोडणार नाही."

मामा घरी आले ते धुमसतच. बायको शिवणयंत्रावर बसली होती. तिच्यामागे मोरीतला नळ टपटपत होता. तोही मामांनी बरेच महिने 'दुरुस्त केलाच समजा' करून ठेवलेला.

"पोरीच्या वयाची बाई सगळ्यांदेखत माझी नक्कल करते! एवढी वर्षं काढली मी त्या साइटवर!"

"छान केली का नक्कल?" बायकोने यंत्र न थांबवता विचारलं.

"तू कुणाच्या बाजूची आहेस?"

"नळाच्या," ती म्हणाली.

मामा भिंतीला टेकून खाली बसले. मग जरा वेळाने, यंत्र थांबल्यावर, त्यांनी तिला पहिल्या कंपनीच्या साहेबाची गोष्ट पुन्हा सांगितली. तिने ती अनेकदा ऐकलेली, तरी ऐकून घेतली. त्या साहेबाला 'नाही' हा शब्द चालायचा नाही. 'नाही झालं' म्हटलं की दुसऱ्या दिवशी माणूस गेटबाहेर. मामांचा जिवाभावाचा जोडीदार असाच गेला. सिमेंटच आलं नव्हतं, तो काय करणार? खरं बोलला आणि घरी बसला. त्याच दिवसापासून मामांच्या तोंडी हे दोन शब्द चिकटले. ते खोटं नव्हतं, असं मामांचं म्हणणं. झालंय असं कुठे म्हणतो मी? समजा म्हणतो. समजायचं काम साहेबाचं.

"तो साहेब आता कुठे असतो?" बायकोने विचारलं.

"कोण जाणे. कंपनीबरोबरच गेला."

"मग आता कुणाला घाबरता?"

मामा उठून नळाकडे गेले, त्याच्याकडे बघितलं आणि हात पुसत परत आले.

सकाळच्या त्या उभ्या सभेत पहिले काही दिवस नुसता तमाशा. 'अडलंय' म्हणणं म्हणजे दुसऱ्याची चुगली, अशी सगळ्यांची समजूत. सळईवाल्याने कसंबसं म्हटलं, "अडलंय, सुतारांनी साचे दिले नाहीत," की सुतारांचा म्होरक्या बाह्या सरसावून पुढे. "साचे द्यायला फळ्या नकोत? फळ्या स्टोअरात, स्टोअरवाला जेवायला!" स्टोअरवाला म्हणाला, "जेवू नको का मी?" मॅडम मधे पडल्या, स्टोअरची दुसरी किल्ली करून सुतारांच्या हातात दिली आणि संपला विषय. एक किल्ली! तिच्यापायी किती सकाळी वाया गेल्या होत्या याचा हिशेब कुणी केला नाही, पण सगळे एकमेकांकडे बघायला लागले. मग माणसं सोकावली. अडलंय म्हटलं की खरंच सुटतं, हे कळल्यावर तर जो तो सकाळी हात वर करून उभा. कामाने असा वेग धरला की फाटकावर खोळंबलेले लोक आता वर बघून एकमेकांना दाखवायला लागले.

मामाही 'झालं' आणि 'अडलंय' म्हणायला लागले, पण सासरी आल्यासारखे, जपून जपून. मधेच जुना शब्द ओठांवर यायचा आणि ते खोकल्याचं निमित्त करून तो गिळायचे. साइटवर आवई उठली की मामांना दम्याचा त्रास आहे.

अखेर तो रविवार ठरला. रुळांच्या दोन्ही बाजूंच्या खांबांवर आडव्या टाकायच्या लोखंडी तुळया तयार होऊन पडल्या होत्या. एकेक तुळई एखाद्या चाळीएवढी लांब. रविवारी सकाळपासून दुपारपर्यंत रेल्वे गाड्या बंद ठेवणार, तेवढ्यात भल्यामोठ्या क्रेनने तीनही तुळया उचलून जागेवर बसवायच्या. त्या चढल्या की पूल जोडला गेला. मग तो पाडायची कुणाची टाप नव्हती. आणि त्या रविवारी काम फसलं, तर सरकार टपूनच बसलेलं.

या सगळ्यात मामांकडे एकच काम होतं, क्रेनची जागा. दिसायला साधं आणि असायला सगळ्यांत जोखमीचं. ती क्रेन चार पाय पसरून उभी राहते आणि तुळईचं सगळं वजन त्या पायांवरून जमिनीत जातं. जमीन जराही दबली तर क्रेन कलंडते, तुळई रुळांवर येते, आणि खाली माणसं असतात. म्हणून खडी-मातीचा एक थर टाकायचा, पाणी मारायचं, रोलर फिरवायचा, मग वरचा थर. मामांनी तीन कोपरे असे ठोकून काढले की पहार टेकवली तर ठणकन वाजावी. चौथा कोपरा फाटकाकडचा. तिथे शनिवारी संध्याकाळी रोलरचा पट्टा तुटला.

पट्टा आणायला माणूस गेला, पण दुकान बंद. टोळीने तोवर उरलेला खड्डा एकदमच भरून वरून सारखा करून टाकला. बघणाऱ्याला चारही कोपरे एकसारखे.

"मामा, सकाळी लवकर पट्टा बसवतो," रोलरवाला म्हणाला. "तेवढा कोपरा उकरून परत थराथराने घेऊ. क्रेन यायला वेळ आहे."

मामांनी मान हलवली. आणि नेमका तेव्हाच मॅडमचा फोन आला. त्या रेल्वेच्या ऑफिसात परवानग्यांच्या मागे होत्या, पाठीमागे नुसता गलका.

"मामा, क्रेनची जागा?"

आता माणूस काय म्हणतो बघा! सकाळी होणारच होतं. मॅडम आधीच वैतागलेल्या. शिवाय साहेब लोकांमध्ये बसलेल्या. मामांच्या जिभेला जुनी वाट माहीत होती, ती त्याच वाटेने गेली.

"झालंच समजा, मॅडम."

"झालं? बरं," एवढं बोलून फोन बंद झाला.

फोन खिशात घालताना मामांना कुठेतरी खटकलं. पण त्यांनी स्वतःचीही समजूत काढली. सकाळी होणारच आहे. झालंच समजा.

रविवारी मामा लवकर पोचले, पण त्यांच्याआधी क्रेन पोचली होती. कंपनीचे मालक स्वतः आले होते, आणि मालक आले की सगळं वेळेआधी होतं. क्रेन आपल्या जागी चारही पाय पसरून, पायांखाली जाड लोखंडी पत्रे घेऊन थाटात उभी. बाजूला रोलरवाला, हातात नवा पट्टा, चेहरा पांढराफटक. त्याने मामांकडे बघितलं. मामांच्या तोंडचं पाणी पळालं.

दोन्ही बाजूंच्या गच्च्यांवर माणसं जमली होती. पलीकडे खिडकीत सासूबाई खुर्ची टाकून बसल्या होत्या. एवढ्या लांबूनही मामांना त्या ओळखू आल्या. मालक रेल्वेच्या साहेबांना हसत हसत काहीतरी दाखवत होते. शेवटची गाडी निघून गेली होती आणि रूळ मोकळे पडले होते.

मामांच्या मनात सगळे वकील उभे राहिले. पत्रे जाड आहेत. माती भरून एक रात्र गेलीय, बसली असेल. चार पायांतला एक तर पाय. आणि आज जर थांबलं, तर हा पूल पाडतील, तुझ्यामुळे पाडतील, आणि म्हातारी मरेपर्यंत ते ऐकवेल. एक शब्द गिळायचा, बस. एवढ्या वर्षांत किती गिळलेस!

मॅडम सगळ्यांसमोर उभ्या राहिल्या. रोजच्यासारखीच सभा, आज फक्त बघणारे जास्त.

"तुळया?"

"झालं."

"साखळ्या, दोर?"

"झालं."

"खांबांवरच्या बैठका?"

"झालं."

"क्रेनची जागा? मामा?"

मामांनी तोंड उघडलं. "झालं..." इथपर्यंत शब्द आलाही. मग त्यांची नजर गेली तुळईचे दोर धरून उभ्या असलेल्या पोरांवर. चौथ्या पायाच्या बाजूलाच उभी होती ती. आणि जन्मात पहिल्यांदा, सगळ्या साहेबांच्या देखत, त्यांनी मोठ्यांदा सांगितलं,

"नाही झालं."

कुणाला कळेचना. मामा आणि नाही?

"अडलंय, मॅडम. फाटकाकडच्या पायाखाली रोलर फिरलेला नाही. वरून सारखं केलंय, आत पोकळ असेल. काल मी सांगायला हवं होतं, सांगितलं नाही. क्रेन उचलू नका."

मालकांचा पारा जो चढला! "अहो, वेड लागलंय का? गाड्या थांबवल्यात रेल्वेने! आत्ता सांगताय? एक पाय, एवढे जाड पत्रे, काही होत नाही! सुरू करा!" क्रेनवाला चावीला हात लावून मॅडमकडे बघत राहिला.

मॅडम मालकांकडे वळल्याच नाहीत. त्यांचा चेहरा रागाने लाल झाला होता, आणि तो राग मामांवरच होता, हे मामांना दिसत होतं. पण त्यांनी विचारलं ते एवढंच, "काय काय लागेल?"

"मोठा दगड, खडी, खोदायचं मशीन. आणि हा पट्टा."

"मिळालं. क्रेन मागे घ्या."

क्रेनने पाय गोळा केले आणि ती मागे सरली. खोदायच्या मशीनने चौथ्या कोपऱ्यात पहिला दात घातला, दुसरा घातला, आणि तिसऱ्याला खड्ड्यातून बुळबुळीत चिखल वर आला. मग पाणी. तिथून जाणारी जुनी पाइपलाइन कुठेतरी पाझरत होती, आणि रातभर त्या मोकळ्या मातीने पाणी पिऊन घेतलं होतं. वरची पापडी तेवढी कोरडी. आत नुसता लगदा.

मालक खड्ड्याच्या काठाशी आले. बराच वेळ आत बघत राहिले. मग त्यांनी पाण्याची बाटली मागितली, आणि त्यानंतर 'सुरू करा' म्हणून ते एकदाही ओरडले नाहीत.

मग सुरू झालं ते काम मामांची टोळी आजही सांगते. कुणी पाण्याचा व्हॉल्व्ह बंद करायला पळालं. सुतार, सळईवाले, स्टोअरवाला, ज्याचा या कामाशी काही संबंध नाही तोही चिखलात उतरला. चिखल उपसला, मोठा दगड भरला, त्यावर बारीक खडी, त्यावर रोलर. मामा गुडघाभर चिखलात उभे, घसा फाडून ओरडत होते, "थराने! थराने घ्या! घाई कराल तर मी उकरून परत करायला लावीन!" रेल्वेने थांबवलेला वेळ एकीकडे भराभर सरत होता, ते सगळ्यांना माहीत होतं. तरी प्रत्येक थरावर मामा पहार टेकवून बघायचे आणि ठणकन वाजल्याशिवाय पुढचा थर पडू देत नव्हते. शेवटचा थर झाला, पत्रे टाकले, आणि मामा वर आले.

"मामा?" मॅडमनी विचारलं.

"झालं," मामा म्हणाले. मागे काही जोडलं नाही, आणि खोकलाही आला नाही.

पहिली तुळई जमिनीवरून सुटली तेव्हा सगळ्या गच्च्या चिडीचूप. मामांचे डोळे तुळईकडे नव्हतेच. ते चौथ्या पायापाशी उकिडवे बसून पत्र्याची कड बघत होते. पत्रा हलला नाही. तसूभरही नाही. तुळई रुळांवरून फिरली, दोन्ही खांबांवर अलगद टेकली, आणि गच्च्यांवरून जो गलका उठला! मामांचा जीव भांड्यात पडला. मग दुसरी चढली. तिसरीला मात्र वेळ उरला नाही. रेल्वेचे साहेब घड्याळ बघत पुढे आले, गाड्या सोडायला हव्या होत्या. तिसरी तुळई जमिनीवरच राहिली.

"काल सांगितलं असतं तर तीनही चढल्या असत्या," मॅडम मामांना म्हणाल्या. आवाज खाली होता, पण धार तीच. "फोनवर मला 'झालं' ऐकू आलं. पुढे काही बोलला होतात?"

"समजा," मामांनी मान खाली घालून सांगितलं.

"वाटलंच मला." त्यांनी हेल्मेट काढून काखेत धरलं. "पुन्हा असं केलंत तर तुम्हाला काढून टाकीन. आणि आज जे केलंत ते मी जन्मभर विसरणार नाही. दोन्ही लक्षात ठेवा."

तेवढ्यात मालक रेल्वेच्या साहेबांपुढे हात जोडून उभे राहिले. एक तुळई राहिली होती आणि तिच्यासाठी पुन्हा गाड्या थांबवायच्या म्हणजे साहेबांच्या मर्जीवर. साहेबांनी आधी त्या खड्ड्याच्या जागेकडे बघितलं, मग बाजूला पडलेल्या चिखलाच्या ढिगाकडे, मग चिखलाने माखलेल्या मामांकडे.

"माझी सगळी नोकरी 'सगळं ठीक आहे साहेब' ऐकण्यात गेली," ते म्हणाले. "ठीक नसतं ते मला नंतर रुळांवर सापडतं. हे तुमचे फोरमन साइटवर असतील तर पुढचा रविवार घ्या."

मामांच्या अंगावर मूठभर मांस चढलं. खरं बोलून घरी बसलेल्या त्या जोडीदाराची आठवण झाली आणि डोळेही भरून आले, पण चेहऱ्यावर चिखल इतका की कुणाला काही दिसलं नाही.

पुढच्या रविवारी तिसरी तुळई चढली. मग वरचा रस्ता झाला, कठडे झाले, दिवे लागले. उद्घाटनाला मोठी माणसं आली, भाषणं झाली, पुलाचं श्रेय ज्याला जमेल त्याने घेतलं. मामा मागे उभे होते. कुणी त्यांचं नाव घेतलं नाही, आणि घेतलं असतं तरी कोणाचं ते कुणाला कळलं नसतं.

त्या संध्याकाळी मामा बायकोला घेऊन पुलावरून चालत सासरी गेले. सासूबाई दारातच उभ्या होत्या. खिडकीतून सगळं दिसत होतं, तरी प्रश्न काही चुकला नाही.

"काय जावईबापू, झाला का पूल?"

"झाला," मामा म्हणाले.

म्हातारी थांबली. पुढच्या शब्दाची वाट बघत राहिली. तो आला नाही.

"एवढंच?"

"एवढंच, आई. झाला."

"आणि घरचा नळ?" बायकोने मागून टाचणी लावली.

"अडलाय," मामा म्हणाले. "वायसर आणलेला नाही." तिघेही हसले. सासूबाईंनी पायात चपला सरकवल्या आणि मामांचा हात धरला. "चला, दाखवा तुमचा पूल. खिडकीतून बघून बघून डोळे विटले माझे."

चढ हळूहळू चढत तिघं मध्यावर आले. नेमके त्या तीन तुळयांवर. खालून गाडी धडधडत गेली, पायांखाली पूल बारीक थरथरला आणि पुन्हा शांत झाला. फाटकावर कुणी नव्हतं, फाटकच काढून टाकलं होतं. सासूबाईंनी कठड्यावरून हात फिरवला, खाली वाकून बघितलं. समोरून एक जोडपं मुलाला कडेवर घेऊन येत होतं. ओळख ना पाळख, पण म्हातारीने त्यांना अडवलंच.

"हा पूल माझ्या जावयाने बांधलाय," त्या खणखणीत आवाजात म्हणाल्या.

मामा शरमले. "आई, असं नका हो बोलू. मी एकट्याने कुठे? केवढी माणसं राबली इथे, कंपन्या तीन झाल्या, मॅडम होत्या..."

"गप्प बसा हो!" सासूबाई कडाडल्या. मामांचा हात त्यांनी अजून सोडला नव्हता. "एवढी वर्षं तुम्ही म्हणालात ते मी समजत आले. आता मी म्हणते तेवढं तुम्ही समजा."